तिने न ऐकलेला मंद्र

आमच्या घरात वाद्य म्हणून जे होते ते देवघरातल्या घंटेपुरते आणि शंखापुरते. मी अमरावतीच्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. दोन वेळची संध्या, नवरात्रात अंबादेवीच्या देवळात पाठ, चातुर्मासात थोडे वाचन, असा माझा क्रम. अशा घरातल्या एकुलत्या एका मुलीने सॅक्सोफोन कसा हाती धरला, हे लोक मला अजूनही विचारतात. तिचे आजोळ अकोल्याचे. मामाच्या लग्नात वरातीपुढे बँड होता, त्यातल्या सॅक्सोफोनवाल्याच्या मागून ती चालत राहिली, आणि वरात मांडवात शिरल्यावरही ती मांडवात आली नाही, बँडवाल्यांपाशीच थांबली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बँडमधल्या एका वयस्क मास्तरांकडे तिचे शिक्षण सुरू झाले. पुढे मुंबई झाली, आणि मुंबईनंतर फ्रान्स.

वरातीत वाजते ते आणि ती वाजवते ते, यांतले अंतर समजायला मला बरीच वर्षे लागली. तिच्याच पिढीतल्या, हयात असलेल्या संगीतकारांनी केवळ सॅक्सोफोनसाठी लिहिलेल्या रचना ती वाजवते. परंपरा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचीच, पण आजची. त्यात गुणगुणता येईल अशी चाल सहसा नसते. कधी स्वर न उमटता नुसता श्वास नळीतून जातो, कधी फुंकर न घालता केवळ कळा आपटल्या जातात, कधी एकाच फुंकेतून दोन-तीन स्वर एकदम निघतात आणि एकमेकांना घासत राहतात. तिने एकदा मला आपली स्वरलिपी दाखवली. श्वास कुठे ऐकू यावा, कुठे येऊ नये, ओठ किती आवळावेत, जीभ कुठे लागावी, या सर्वांच्या खुणा त्यात होत्या. आमच्या वेदसंहितेत अक्षरांच्या वर आणि खाली रेघा असतात, उदात्त-अनुदात्त चुकू नयेत म्हणून. मी तिला म्हणालो, "हे तर आमच्यासारखंच आहे. एक रेघ चुकली की सगळं फुकट."

"तुमच्याकडे चुकलं तर पाप लागतं, बाबा," ती म्हणाली. "आमच्याकडे पुढच्या वर्षी बोलावत नाहीत."

तिच्या आईने मात्र लेकीचे वादन समोर बसून कधी ऐकले नव्हते. ऐकले ते फोनवर, आणि फोनमधून ते वाद्य डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखे लागे. मुलगी सुट्टीत येई तेव्हा सकाळी दार लावून सराव करी. ते वादन नव्हे, असे तीच म्हणे. मुंबईत एकदा कार्यक्रम ठरला, पण त्याच आठवड्यात माझ्या मेहुणीचे दुखणे निघाले आणि जाणे राहून गेले. "ऐकीन ना. मी काय पळून चालली?" असे पत्नी म्हणे. इतकी वर्षे अमरावतीत काढूनही तिच्या बोलण्यातले अकोला गेले नव्हते.

मग तिची फुप्फुसे कडक होऊ लागली. डॉक्टरांनी सौम्य शब्दांत, पण स्पष्ट सांगितले की ती पुन्हा मऊ होणार नाहीत. खाटेशेजारी प्राणवायूचे यंत्र आले, नाकाशी नळी आली, आणि स्वयंपाकघरापर्यंतची चार पावले तिला कोसभराची वाटू लागली. मुलगी तिकडची कामे थांबवून घरी आली ती श्रावणात. येताना सॅक्सोफोन बरोबर होता. शिवाय तिच्या एका समवयस्क मैत्रिणीने तिच्यासाठी म्हणून लिहिलेली एक नवी रचना होती, आणि ती पहिल्यांदा आपल्या वऱ्हाडातच वाजवावी असे मुलीने ठरवले होते. अकोल्याच्या एका महाविद्यालयाने दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सभागृह देऊ केले. आईला मोटारीने न्यायचे असा तिचा बेत होता. डॉक्टरांनी तो मोडला.

"मग घरीच वाजव," पत्नी म्हणाली. "अकोल्याचे लोक काय माझ्याहून मोठे लागून गेले? आधी मी ऐकीन, मग ते."

त्याप्रमाणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, घरी वादन करायचे ठरले. त्या दिवसाची तिने जी वाट पाहिली तशी वाट तिने मागच्या कित्येक वर्षांत कशाचीही पाहिलेली मला आठवत नाही. औषधाची वेळ ती विसरे, एकादशी विसरत नसे. मुलीने मला त्या रचनेचा आराखडा समजावून सांगितला होता. आरंभ केवळ श्वासाचा आणि कळांचा. बराच वेळ स्वर येत नाही. येईल येईल असे वाटत राहते. मग त्या श्वासातूनच वाद्याचा सर्वांत खालचा स्वर उगवतो, आमच्या भाषेत मंद्रातला, आणि पुढची सर्व रचना त्या एका स्वरावर उभी राहते. "आईला तो स्वर ऐकवायचाय," ती म्हणाली. "तो फोनमधून जातच नाही, बाबा. तो छातीत ऐकू येतो."

नवमीला मी पाठासाठी देवळात होतो आणि मुलगी सभागृह पाहायला अकोल्याला गेली होती. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारे पूजेला बसवतात. माझ्या पोथ्या, विळी, कात्री, शेजाऱ्यांचा विळा-कोयता आला तर तोही. ही सर्व हत्यारे पूजेआधी घासूनपुसून लख्ख करण्याचे काम पत्नीचे असे. त्या वर्षी मी तिला काही करू नकोस असे बजावले होते. तिने ते ऐकले, असे मला वाटले.

सायंकाळी मी परतलो तेव्हा मुलगीही नुकतीच आली होती आणि देवघराच्या दाराशी थबकून उभी होती. पाटावर, माझ्या पोथ्यांच्या शेजारी, सॅक्सोफोन ठेवलेला होता. त्याला हळदकुंकू वाहिलेले, तोंडाशी झेंडूचे फूल. पितळ असे चकाकत होते की समईची ज्योत त्यात सरळ दिसावी. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. नळी नाकाशी होती, बोटे चिंचेने काळवंडलेली होती आणि चेहऱ्यावर मी किती तरी महिन्यांत न पाहिलेले समाधान होते.

"साऱ्यांच्या हत्याराची पूजा होते," ती मुलीला म्हणाली, "अन् तुझंच काहून पेटीत पडून राहील? चिंच लावली, राख लावली, भरपूर पाण्यानं धुतलं. बसून बसून केलं, धाप नाही लागली. पाहा कसं लखलख करून राहिलं."

मुलीने हात पुढे केला. "आई, मी जरा उघडून आतून पुसून घेऊ?"

"आता नाही बेटा. पूजेत बसलं ना ते. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

हा आमच्या घरचा रिवाज मुलीला लहानपणापासून ठाऊक होता. पूजेला बसलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावत नाही. मी स्वतः त्या दिवशी पोथी उघडत नाही, देवळातला पाठही तोंडपाठ म्हणतो. तिने हात मागे घेतला, आईजवळ बसली, आणि म्हणाली, "किती सुंदर केलंस गं." तिच्या स्वरात मला काहीच वेगळे जाणवले नाही. तिचा हात मात्र आपल्याच पदराचे टोक चुरगाळत होता.

दसऱ्याला सकाळी अक्षता टाकून मी पाट हलवला आणि मुलगी वाद्य घेऊन मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळाने मला बोलावले. त्या वाद्याच्या प्रत्येक कळेखाली कातड्याची एक लहान गादी असते. छिद्र ती दाबून बंद करते. पाणी आत मुरून त्या गाद्या रात्रभर फुगल्या होत्या. काही छिद्रांना चिकटल्या होत्या, काही वेड्यावाकड्या होऊन फटी सोडत होत्या. राख बिजागऱ्यांत जाऊन बसली होती. तिने तोंड लावून फुंकले. वरचे काही स्वर आले. खाली उतरू लागताच स्वर फाटला, आणि त्याखाली तर नुसती हवा.

मुंबईच्या दुरुस्तीवाल्याशी तिने तिथूनच फोनवर बोलणे केले. सगळ्या गाद्या बदलाव्या लागतील, त्या बाहेरून मागवाव्या लागतील, महिनाभर तरी लागेल, असे त्याने सांगितले. अकोल्याचा कार्यक्रम पुढे ढकलता येण्यासारखा होता. आईचे काय, हा प्रश्न होता.

"मी डॉक्टरांना विचारलं होतं," मी म्हणालो. "महिन्याची खात्री ते देत नाहीत."

ती पायरीवर बसली. "आज पाठवलं तर कदाचित आईला पूर्ण ऐकवता येईल. कदाचित काहीच ऐकवता येणार नाही. ठेवलं तर अर्धंच ऐकवता येईल." मग म्हणाली, "आणि पाठवलं तर ती विचारणारच, वाद्य कुठं गेलं. तिला कळता कामा नये, बाबा. काल तिला धाप लागली नाही म्हणते. ते तेवढं तिच्याकडे राहू दे."

सत्य आणि प्रिय यांत निवड करण्याची वेळ आली तर काय करावे, हे मी इतक्या वर्गांना शिकवले की त्यावरची टीकाही मला मुखोद्गत आहे. अंगणात त्यातले काही आठवले नाही. मी म्हणालो, "उद्या एकादशी आहे. ती उद्याचीच वाट बघते आहे."

एकादशीला दुपारी पत्नीने नवे लुगडे नेसवून घेतले. शेजारीण आली, ती वलगावच्या शेतकरी घरातली, तोंडाने फटकळ आणि मनाने मोठी. दाराशीच ती म्हणाली, "गुरुजीच्या घरी बाजा वाजून राहिला म्हनून आली. म्या म्हटलं गुरुजीनं मुहूर्त काढला का काय पोरीचा."

"बस चुपचाप," पत्नी म्हणाली. "लगन नाही, संगीत आहे."

"लगनातबी संगीतच अस्ते, काकू. तुमी चुप बसा, तुमालेच दम लागते."

मुलीने खाटेसमोर उभे राहून वाद्य गळ्यात अडकवले. प्राणवायूचे यंत्र घुरघुरत होते. ते थोडे बंद करा, असे पत्नीने सुचवले; मुलीने मान हलवली आणि म्हणाली, "असू दे आई, मला तानपुरा झाला." मग तिने आरंभ केला. नळीतून श्वास गेला, परत आला. कळा वाजल्या, पावसाळी पन्हाळीत थेंब पडावेत तशा, कधी एकेक, कधी दाट. श्वास लांबत गेला, खाली उतरत गेला. मला ठाऊक होते की आता यापुढे तो स्वर आहे. मुलीचे डोळे मिटलेले होते. तिने खालच्या कळा इतक्या जोराने दाबल्या की तिची नखे पांढरी पडली. स्वर आला नाही. तिने श्वास मोडला नाही. तो तसाच पुढे नेला, वळवून पुन्हा आरंभापाशी आणला, कळांचा तो भाग पुन्हा वाजवला, आणखी सावकाश, आणि शेवटी नुसत्या श्वासावर येऊन थांबली. रचनेत नसलेला हा शेवट तिने त्या क्षणी केला होता.

खोलीत यंत्राचा आवाज राहिला. शेजारीण मला हळूच म्हणाली, "गुरुजी, ह्याले वाजवनं म्हंतेत का दम घेनं?"

"हेच ते?" पत्नीने विचारले.

"हो आई."

"पूर्ण?"

मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "पूर्ण."

बोलण्यासाठी पत्नीला श्वास गोळा करावा लागे. मग म्हणाली, "मला वाटत होतं, आता कोणी येईल. आता येईल. पहाटे गाभाऱ्याचं दार उघडायच्या आधी आपण उभे असतो ना, तसं. कोणी आलं नाही." थोडे थांबून म्हणाली, "तरी बरं वाटलं. मला आजकाल असंच वाटते रात्रंदिवस. तुला कसं कळलं?"

मुलगी वाद्य उतरवून तिच्या पायांशी बसली. मी देवघरात गेलो.

त्यानंतर वाद्य मुंबईला पाठवण्याचा प्रश्न उरला नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीने स्वतःच सांगितले, "ते श्वासाचं वाजव." तिसऱ्या दिवशीही. दुपारी जेवणानंतर मुलगी ते वाजवी आणि पत्नी डोळे मिटून ऐके. काही दिवसांनी तिचा श्वास त्या श्वासाबरोबर चालू लागला, की मुलगीच आपला श्वास तिच्या मापाने घेऊ लागली, हे मला सांगता येणार नाही. दिवाळीत आले-गेलेल्यांना ती कौतुकाने सांगे, "हिचं वाद्य मी घासलं. पाहा, अजूनही तसंच आहे." मुलगी ते रोज कोरड्या फडक्याने पुसून चकाकते ठेवी. आतल्या गाद्या एकेक करून निकामी होत होत्या. शेवटी शेवटी वरचे स्वरही गेले आणि फुंकर तेवढी राहिली.

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मी सकाळची संध्या आटोपून तिच्या कपाळाला तीर्थ लावायला गेलो, तेव्हा यंत्र चालू होते आणि ती नव्हती.

तेरावा झाल्यावर वाद्य मुंबईला गेले. ते दुरुस्त होऊन आले आणि अकोल्याचा कार्यक्रम माघात ठरला, तेव्हा माझ्या मेहुण्यांचा फोन आला; ज्यांच्या लग्नात ही सगळी सुरुवात झाली तेच. "भाऊजी, तुम्ही शास्त्र जाणता म्हणून विचारतो. वर्ष झालं नाही. घरात सण नाही, अन् पोरगी स्टेजवर बाजा वाजवणार? लोक काय म्हणतील?"

मी त्यांना म्हणालो, "सुतक फिटल्यावर अध्ययन थांबवायला शास्त्र सांगत नाही. हा सण नाही. हे तिचं अध्ययन आहे. तुम्ही या ऐकायला."

ते आले. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. सभागृहात महाविद्यालयातली मुले होती, काही संगीतशिक्षक होते, बँडच्या मास्तरांच्या घरची मंडळी होती. मुलीने आरंभ केला. श्वास आला, कळा वाजल्या. मागे कोणी तरी खुर्ची सरकवली, कोणी हसू दाबले. मला त्याचे काही वाटले नाही. तो आरंभ मी महिनाभर रोज ऐकला होता. कुठे श्वास लांबतो, कुठे कळा थांबतात, हे मला पाठ झाले होते. माझ्या कानांनी तो शेवटही गृहीत धरला होता. श्वास खाली उतरला आणि आता वळेल, परत आरंभापाशी जाईल, अशा वेळी तो स्वर आला.

तो येताना ऐकू आला असे म्हणता येणार नाही. आधी खुर्चीच्या लाकडात कळला, मग छातीत. नंतर सभागृहभर पसरला आणि राहिला. मागची कुजबुज आपोआप थांबली. मेहुण्यांनी माझा हात धरला. तो स्वर सुंदर होता, याविषयी मला शंका नाही. त्याच्यावर पुढची रचना चढत गेली, एका स्वरातून दोन, दोनांतून तीन, घासणारे, वेगळे होणारे. माझ्या मनात मात्र एवढेच होते की हे थांबावे. ज्या दाराशी ती महिनाभर उभी होती ते दार इथे उघडले होते, तिच्याखेरीज सर्वांसाठी.

टाळ्या झाल्या. मुलीला लोकांनी गराडा घातला. मेहुणे डोळे पुसत म्हणाले, "ताईनं हे ऐकलं ना घरी? सांगत होती मला फोनवर."

"ऐकलं," मी म्हणालो.

परतताना मूर्तिजापूर आले. मग मुलगीच म्हणाली, "सांगायला हवं होतं का तिला, बाबा?" माझ्याकडे लोक तिथी विचारायला येतात, प्रायश्चित्त विचारायला येतात, आणि मी पोथी पाहून सांगतो. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तूर कापून झालेली शेते होती.

बडनेऱ्याहून तिची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. निघण्याच्या सकाळी ती वाद्य गळ्यात घालून आईच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. यंत्र केव्हाच परत गेले होते. खाट तशीच होती.

"इथे एकदा पूर्ण वाजवू का?" तिने विचारले.

मी विचार केला. ऐकणारे आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते नसतात, असे मी मानत नाही. ती ऐकेल, अशी माझी श्रद्धा आहे. पण ती ऐकेल म्हणजे तिला कळेल. आपण ऐकले ते अर्धे होते, हे कळेल, आणि ते का अर्धे राहिले, हेही.

"नको," मी म्हणालो.

मुलीने मान हलवली. "मलाही नकोच होतं. पण तुम्हाला न विचारता कसं ठरवू?"

तिने पट्टा गळ्यातून काढला आणि वाद्य पेटीत ठेवले. मी दार ओढून घेतले. शेजारणीने सकाळीच वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून आणून दिला होता, तो पिशवीत घालायचा राहून गेला होता. तेवढा आठवणीने घ्यायला मी तिला सांगितले.